दीर्घकालीन आजार आणि आरोग्य विमा: सुधारणांची गरज

प्रस्तावना

इंदूरमध्ये विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचे छोटे दुकान चालवणारे एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणू. वय ४६. सहा वर्षांपासून मधुमेह, दोन वर्षांपासून उच्च रक्तदाब. रोज तीन गोळ्या, दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी, वर्षातून एकदा डोळ्यांची आणि मूत्रपिंडाची तपासणी. उत्पन्न इतके कमी नाही की सरकारी योजनेच्या यादीत नाव यावे, आणि स्वतःचा धंदा असल्यामुळे नोकरीतून मिळणारा विमाही नाही. विमा प्रतिनिधीकडे चौकशी केल्यावर त्यांना तीन गोष्टी कळतात. मधुमेहाशी संबंधित दावे पहिली काही वर्षे मंजूर होणार नाहीत. हप्ता निरोगी माणसापेक्षा जास्त पडेल. आणि ज्या गोळ्या-तपासण्यांवर दर महिन्याला खिसा रिकामा होतो, त्यांचा खर्च त्यानंतरही पॉलिसीत बसणार नाही.

हे गृहस्थ काल्पनिक आहेत, परंतु त्यांची परिस्थिती काल्पनिक नाही. ज्याला विम्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्यालाच विमा मिळणे सर्वांत कठीण का जाते? यात विमा कंपन्यांचा दोष किती आणि रचनेचा किती? ही रचना बदलता येईल का? या पाठात आपण या प्रश्नांचा विचार करणार आहोत.

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील बाबी सांगता येतील:
१) दीर्घकालीन आजाराचा खर्च इतर आजारांच्या खर्चापेक्षा वेगळा कसा असतो.
२) खासगी विमा बाजार आजारी माणसाला बाहेर का ठेवतो.
३) भारतात आतापर्यंत कोणत्या सुधारणा झाल्या आणि काय राहिले.
४) पुढील सुधारणा कोणत्या दिशेने व्हायला हव्यात आणि त्यांचा खर्च कोणी उचलावा.

१. दीर्घकालीन आजाराच्या खर्चाचे स्वरूप

जो आजार महिनोन्‌महिने किंवा आयुष्यभर राहतो, पूर्ण बरा होत नाही पण नियमित उपचारांनी आटोक्यात ठेवता येतो, त्याला दीर्घकालीन आजार म्हणतात. मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा, अपस्मार, मूत्रपिंडाचे विकार, थॅलेसेमिया, संधिवात, काही मानसिक आजार ही त्याची उदाहरणे.

भारतात या आजारांचे प्रमाण मोठे आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला.

अपघात किंवा अपेंडिक्सची शस्त्रक्रिया आणि मधुमेह यांच्या खर्चात दोन मूलभूत फरक आहेत.

पहिला फरक अनिश्चिततेचा. अपघात कोणाला आणि केव्हा होईल हे सांगता येत नाही. मधुमेह असलेल्या माणसाला पुढच्या महिन्यात गोळ्या लागणार हे मात्र आजच ठाऊक असते.

दुसरा फरक खर्चाच्या जागेचा. शस्त्रक्रियेचा खर्च रुग्णालयातील खाटेवर होतो. दीर्घकालीन आजाराचा खर्च बराच काळ औषधाच्या दुकानात, पॅथॉलॉजी लॅबमध्ये आणि डॉक्टरांच्या ओपीडीत होतो. रुग्णालयात भरती होण्याची वेळ बहुधा गुंतागुंत झाल्यावर येते. मधुमेह वर्षानुवर्षे आटोक्यात राहिला नाही तर मूत्रपिंड निकामी होऊ शकते, आणि मग आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस करावे लागते.

आपल्याकडील बहुतेक विमा पॉलिसी डायलिसिसचा खर्च देतात, पण डायलिसिसची वेळ लांबवणाऱ्या गोळ्यांचा देत नाहीत. या पाठातील बहुतेक चर्चा या एका विसंगतीभोवती फिरते.

२. विम्याचे मूळ गणित

विमा म्हणजे अनेकांनी थोडे थोडे पैसे एकत्र ठेवायचे आणि ज्याच्यावर संकट येईल त्याला त्यातून मदत करायची. भिशीत प्रत्येकाला आपली पाळी मिळते. विम्यात मात्र ज्याची पाळी कधी येत नाही तोच खरा सुदैवी.

ही व्यवस्था टिकण्यासाठी निरोगी लोक तिच्यात राहणे आवश्यक असते. एक कल्पित उदाहरण पाहू. सोयीसाठी विमा कंपनीचा कार्यालयीन खर्च आणि नफा बाजूला ठेवू.

एका गटात १०० माणसे आहेत. त्यांपैकी ९० निरोगी असून प्रत्येकाचा वर्षाचा अपेक्षित उपचारखर्च ३,००० रुपये आहे. उरलेल्या १० जणांना दीर्घकालीन आजार असून प्रत्येकाचा अपेक्षित खर्च ३३,००० रुपये आहे. एकूण खर्च २,७०,००० अधिक ३,३०,००० म्हणजे ६,००,००० रुपये. सर्वांना सारखा हप्ता लावला तर तो माणशी ६,००० रुपये येतो.

आता ज्याचा अपेक्षित खर्च ३,००० आहे त्याला ६,००० रुपये भरणे महाग वाटू लागते. समजा, ४५ निरोगी माणसे बाहेर पडली. उरलेल्या ५५ जणांचा एकूण खर्च ४,६५,००० रुपये, म्हणजे माणशी सुमारे ८,४५५ रुपये. हप्ता वाढला म्हणून आणखी ३० निरोगी माणसे गेली. आता २५ जण उरले आणि त्यांचा खर्च ३,७५,००० रुपये आहे. हप्ता झाला १५,००० रुपये. असेच चालू राहिले तर शेवटी फक्त आजारी माणसे उरतात आणि हप्ता त्यांच्या उपचारखर्चाइतकाच होतो. तेव्हा विम्याला काही अर्थ राहत नाही.

अर्थशास्त्रात याला प्रतिकूल निवड म्हणतात. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराबरोबरच वृद्धांच्या आरोग्य विम्याचे उदाहरण दिले होते. पुढे, २००१ मध्ये, त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या भीतीपोटी विमा कंपन्या तीन उपाय योजतात: आजारी माणसाला नकार देणे, त्याच्या आजारापुरता काही काळ किंवा कायमचा खर्च वगळणे, आणि त्याला जास्त हप्ता लावणे. एका कंपनीने हे उपाय सोडून दिले आणि इतरांनी सोडले नाहीत, तर सगळे आजारी ग्राहक त्या एका कंपनीकडे जातील आणि ती तोट्यात जाईल. म्हणून हा प्रश्न एखाद्या कंपनीच्या चांगुलपणावर सुटणारा नाही. सर्वांना लागू होणारा नियमच तो सोडवू शकतो.

३. भारतातील आरोग्य विम्याची घडण

भारतातील आरोग्यविषयक आर्थिक संरक्षणाचे चार प्रवाह आहेत.

(अ) कामगार आणि कर्मचाऱ्यांच्या योजना: कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ मध्ये झाला आणि त्याखालील योजना १९५२ मध्ये सुरू झाली. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीची केंद्रीय सरकारी आरोग्य योजना १९५४ मध्ये दिल्लीत सुरू झाली.

(आ) खासगी आणि सार्वजनिक कंपन्यांच्या पॉलिसी: १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम पॉलिसी आणली. तिचा साचा रुग्णालयातील भरतीचा खर्च देण्याचा होता. १९९९ च्या कायद्याने भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, म्हणजे इर्डाई, स्थापन झाले आणि खासगी कंपन्या आल्या. साचा मात्र फारसा बदलला नाही.

(इ) मालकाने घेतलेला गटविमा: यात बहुधा पूर्वीच्या आजारांनाही पहिल्या दिवसापासून संरक्षण असते. नोकरी सुटली की ते संरक्षणही सुटते.

(ई) सरकारी योजना: आंध्र प्रदेशाची आरोग्यश्री (२००७), महाराष्ट्राची जीवनदायी आरोग्य योजना (२०१२, आता महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना) आणि केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना (२०१८). केंद्राच्या योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचार मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्यावरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, तिचा लाभ दिला जातो.

या चारही प्रवाहांतून सुटलेला वर्ग मोठा आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात त्याला ‘हरवलेला मध्य’ म्हटले आहे. लोकसंख्येच्या किमान ३० टक्के, म्हणजे सुमारे ४० कोटी लोकांना आरोग्यासाठी कोणतेही आर्थिक संरक्षण नाही, असे त्या अहवालात नमूद आहे. छोटे दुकानदार, रिक्षाचालक, स्वतंत्र कारागीर, कंत्राटी काम करणारे असे अनेक जण यात येतात. आपले इंदूरचे गृहस्थ याच वर्गातले.

४. रुग्णासमोरचे अडथळे

प्रवेश: प्रस्ताव अर्जात आजार नोंदवल्यावर कंपनी पॉलिसी नाकारू शकते. मूत्रपिंडाचा जुना विकार, यकृताचा विकार किंवा पूर्वी झालेला कर्करोग असल्यास हा अनुभव अधिक येतो.

प्रतीक्षा कालावधी: पॉलिसी मिळाली तरी पूर्वीपासून असलेल्या आजाराशी संबंधित दावे ठरावीक काळ मंजूर होत नाहीत. या काळात हप्ता पूर्ण भरावा लागतो. पुढे विमा रक्कम वाढवली, तर वाढीव रकमेसाठी हा काळ नव्याने मोजला जातो.

व्याप्ती: प्रतीक्षा संपल्यावरही गोळ्या, इन्सुलिन, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, नियमित तपासण्या आणि डॉक्टरांची फी बहुतेक पॉलिसींत येत नाही. काही पॉलिसींत ओपीडीचा लाभ असतो, पण त्याची मर्यादा लहान किंवा हप्ता मोठा असतो. मधुमेही किंवा हृदयरोग्यांसाठीच्या खास पॉलिसी बाजारात आहेत. त्यांतही हप्ता जास्त असतो.

हप्ता: वय वाढेल तसा हप्ता वाढतो. दीर्घकालीन आजार बहुधा वयाबरोबर येतात. उत्पन्न घटण्याच्या वयात हप्ता परवडेनासा होतो आणि वीस वर्षे चालवलेली पॉलिसी सोडून द्यावी लागते.

दाव्याच्या वेळचा वाद: विमा करार परम सद्‌भावाच्या तत्त्वावर उभा असतो. अर्जदाराने आपल्या प्रकृतीची महत्त्वाची माहिती स्वतःहून सांगायला हवी. या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय एकत्र वाचण्यासारखे आहेत.

२००९ च्या सतवंत कौर संधू प्रकरणात मूत्रपिंडाचा जुना आजार प्रस्ताव अर्जात लपवला गेला होता. न्यायालयाने ती माहिती महत्त्वाची मानली आणि दावा नाकारण्याचा कंपनीचा निर्णय कायम ठेवला. २०२१ च्या मनमोहन नंदा प्रकरणात परदेश प्रवासाच्या पॉलिसीसाठी अर्ज करताना मधुमेह असल्याचे सांगितलेले होते. अमेरिकेत पोहोचल्यावर विमाधारकाला हृदयविकाराचा झटका आला आणि कंपनीने दावा नाकारला. अर्जात सांगितलेली प्रकृती माहीत असूनही पॉलिसी दिल्यानंतर त्याच कारणावरून दावा नाकारता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला.

दोन्ही निर्णयांतून एक सरळ सूत्र निघते: सांगण्याची जबाबदारी ग्राहकाची, आणि तपासण्याची जबाबदारी कंपनीची, तीही पॉलिसी देण्यापूर्वी. व्यवहारात मात्र प्रतिनिधी घाईने अर्ज भरतो, ‘साखर थोडीच आहे, लिहायची गरज नाही’ असे सांगतो, आणि त्याची किंमत काही वर्षांनी रुग्णाच्या कुटुंबाला मोजावी लागते.

५. आतापर्यंत झालेल्या सुधारणा

गेल्या पंधरा वर्षांत नियम बरेच बदलले आहेत. त्यांतील महत्त्वाचे टप्पे असे:

- २०११: पोर्टेबिलिटी. कंपनी बदलली तरी आधी पूर्ण केलेला प्रतीक्षा काळ वाया जात नाही.
- २०१७: मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विमा देणे बंधनकारक केले. त्याच वर्षीच्या एचआयव्ही-एड्स कायद्याने विम्यातील अन्याय्य भेदभावाला मनाई केली.
- २०१९: कोणते आजार वगळता येतील याचे प्रमाणीकरण झाले. कायमचे वगळण्याजोग्या आजारांची यादी ठरली आणि त्यासाठी ग्राहकाची संमती आवश्यक झाली. पॉलिसी घेतल्यानंतर उद्भवलेला आजार वगळता येणार नाही, हेही स्पष्ट झाले.
- २०२०: सर्व कंपन्यांसाठी सारख्या अटी असलेली आरोग्य संजीवनी ही प्रमाण पॉलिसी आली.
- २०२३: अपंग व्यक्ती, एचआयव्हीबाधित आणि मानसिक आजार असलेल्यांसाठी कंपन्यांनी पॉलिसी उपलब्ध करून द्यावी, असा आदेश इर्डाईने दिला.
- २०२४: पूर्वीच्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षा कालावधी ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आला. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. ही मुदत पूर्वी ८ वर्षांची होती. कॅशलेस उपचाराच्या विनंतीवर एका तासात आणि घरी सोडताना अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय देण्याचे बंधनही आले.
- २०२५: ज्येष्ठ नागरिकांच्या हप्त्यात वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ करायची असल्यास कंपनीने आधी इर्डाईशी सल्लामसलत करावी, असे ठरले. सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील जीएसटी रद्द झाला.

या सुधारणांचे मोल कमी लेखता येणार नाही. पण त्या नीट पाहिल्या तर त्यातील बहुतेक प्रवेशाशी, मुदतीशी आणि वादांशी संबंधित आहेत. व्याप्तीचा प्रश्न, म्हणजे रोजच्या औषधांचा आणि तपासण्यांचा खर्च, जवळजवळ होता तिथेच आहे. आणि नकार देण्याचा कंपनीचा मूळ अधिकारही बहुतांश शाबूत आहे.

६. जिथे आजार विचारला जात नाही

कर्मचारी राज्य विमा योजनेत नव्या कामगाराला मधुमेह आहे का, हे विचारून प्रवेश नाकारला जात नाही. दवाखान्यातून ओपीडी उपचार आणि औषधेही मिळतात. केंद्रीय सरकारी आरोग्य योजनेतही तसेच. जन आरोग्य योजनेत पूर्वीचे आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात.

या योजनांना जे जमते ते वैयक्तिक पॉलिसीला का जमत नाही? कारण या योजनांत सदस्यत्व निवडीवर अवलंबून नाही. ठरावीक पगारापर्यंतचा प्रत्येक पात्र कामगार, निरोगी असो वा आजारी, आपोआप आत येतो. आपल्या उदाहरणातील ४५ निरोगी माणसांना बाहेर पडण्याची वाटच नसते. त्यामुळे आजार विचारण्याची गरज उरत नाही.

अर्थात या योजनांच्याही उणिवा आहेत. कामगार विमा दवाखान्यांत गर्दी असते, औषधांचा तुटवडा पडतो. जन आरोग्य योजनेत भरतीपूर्वीचे ३ दिवस आणि घरी आल्यानंतरचे १५ दिवस एवढाच औषधोपचाराचा काळ धरला जातो; त्यानंतरच्या आयुष्यभराच्या गोळ्या रुग्णाच्या स्वतःच्या खर्चाने. म्हणजे प्रवेशाचा प्रश्न सुटला तरी व्याप्तीचा प्रश्न उरतोच.

या बाबतीत काही राज्यांचे प्रयोग उपयुक्त आहेत. राजस्थानने २०११ मध्ये सरकारी रुग्णालयांत मोफत औषध योजना सुरू केली. तमिळनाडूने २०२१ पासून मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांना घरपोच औषधे देण्यास सुरुवात केली. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतील निवडक जिल्ह्यांत सुरू झाला. ठरावीक, स्वस्त औषधे प्राथमिक केंद्रातच सातत्याने देणे आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवून पाठपुरावा करणे, ही त्याची पद्धत आहे. यांपैकी काहीही विमा नाही. तरीही विम्यावरचा भविष्यातला भार यामुळेच हलका होऊ शकतो.

७. इतर देशांचा अनुभव

अमेरिका: १९७६ पासून अनेक राज्यांनी विमा नाकारलेल्या रुग्णांसाठी वेगळे ‘अतिजोखीम गट’ काढले. त्यात फक्त आजारी माणसे होती आणि सरकारी निधी अपुरा होता. त्यामुळे हप्ते वाढले आणि काही राज्यांत प्रतीक्षायाद्या लागल्या. २०१० च्या कायद्याने २०१४ पासून पूर्वीच्या आजारामुळे विमा नाकारण्यास किंवा जास्त हप्ता लावण्यास बंदी घातली, आणि त्यासोबत हप्त्यासाठी सरकारी साहाय्यही ठेवले.

नेदरलँड्स: २००६ पासून प्रत्येक रहिवाशाला मूलभूत विमा घेणे सक्तीचे आहे आणि कंपनीला कोणालाही नाकारता येत नाही. ज्या कंपनीकडे आजारी ग्राहक जास्त, तिला मध्यवर्ती निधीतून जास्त रक्कम मिळते. याला जोखीम समकरण म्हणतात. जर्मनीनेही २००९ पासून आजारांच्या नोंदींवर आधारलेले समकरण अमलात आणले.

या अनुभवांचा निष्कर्ष असा: नाकारण्यास बंदी, निरोगी लोकांचा सहभाग आणि जोखमीचे समकरण ही तीन पाये असलेली तिवई आहे. एक पाय काढला की ती कलंडते.

८. पुढील सुधारणांची दिशा

(१) मूलभूत पॉलिसीसाठी नकारबंदी: सर्वच पॉलिसींना हा नियम एकदम लावणे कठीण आहे. पण आरोग्य संजीवनीसारखी एक प्रमाण पॉलिसी कोणालाही नाकारता येणार नाही, असा नियम करता येईल.

(२) समाईक जोखीम निधी: नकारबंदीमुळे काही कंपन्यांवर जास्त भार पडू नये म्हणून सर्व कंपन्यांनी मिळून निधी उभारायचा आणि जास्त खर्चाच्या रुग्णांचा भार वाटून घ्यायचा. ही कल्पना आपल्याला नवी नाही. दहशतवादी हल्ल्यांच्या नुकसानीचा विमा कोणी देईना, तेव्हा २००२ मध्ये भारतीय कंपन्यांनी समाईक निधी उभारला. मोटार वाहनांच्या तृतीय पक्ष विम्यासाठी २००७ ते २०१२ या काळात असाच निधी होता. जी जोखीम कोणालाच एकट्याने नको असते, ती सर्वांनी वाटून घेण्याचा अनुभव आपल्याकडे इमारतींच्या आणि ट्रकच्या बाबतीत आहे. तो माणसांच्या आजाराच्या बाबतीत वापरायला हवा.

(३) ओपीडी आणि औषधांचा समावेश: किमान मधुमेह, रक्तदाब, दमा, अपस्मार अशा निवडक आजारांसाठी आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील औषधे आणि ठरावीक तपासण्या प्रमाण पॉलिसीत आणाव्यात. हा खर्च आधीच माहीत असल्यामुळे खऱ्या अर्थाने तो विमा नव्हे, पूर्वनियोजित खर्च आहे. म्हणून तो घाऊक खरेदीतून, जनऔषधी केंद्रांतून किंवा सरकारी दवाखान्यांच्या जाळ्यातून भागवणे स्वस्त पडेल.

(४) प्रतीक्षा कालावधीला नियमित उपचारांची जोड: जो रुग्ण औषधे नियमित घेतो आणि तपासण्या करतो, त्याचा प्रतीक्षा काळ ३६ महिन्यांपेक्षा कमी करावा. मात्र आजार आटोक्यात आला नाही म्हणून शिक्षा होऊ नये. प्रयत्नाला सवलत द्यावी, प्रयोगशाळेतील आकड्याला नव्हे.

(५) सोपा प्रस्ताव अर्ज: प्रश्न ग्राहकाच्या भाषेत असावेत, मराठीतही असावेत. ‘कोणताही आजार आहे का’ असा मोघम प्रश्न न विचारता ‘गेल्या तीन वर्षांत यांपैकी कशासाठी औषध घेतले’ असा नेमका प्रश्न विचारावा. वैद्यकीय तपासणी पॉलिसी देण्यापूर्वी करावी.

(६) ‘हरवलेल्या मध्या’साठी सामूहिक प्रवेश: व्यापारी संघटना, सहकारी पतसंस्था, बचतगट, रिक्षा संघटना यांच्यामार्फत सर्व सभासदांना एकत्र विमा दिला, तर निरोगी आणि आजारी दोघेही एकाच वेळी आत येतात. नोकरीतील गटविम्याचे जे बळ आहे, ते असंघटित वर्गालाही मिळेल.

९. आक्षेप आणि त्यांचा विचार

‘सर्वांचाच हप्ता वाढेल.’ हा आक्षेप खरा आहे. वरच्या उदाहरणात निरोगी माणसाला ३,००० ऐवजी ६,००० भरावे लागतात. पण आजचा निरोगी माणूस उद्या आजारी पडू शकतो, आणि ज्याला आज जास्त वाटणारा हप्ता भरायचा आहे त्याला उद्या त्याच निधीचा आधार मिळतो. तरीही गरीब निरोगी माणसावर हा भार टाकणे योग्य नाही. त्याच्या वाट्याची भरपाई करातून व्हायला हवी.

‘लोक आजारी पडल्यावरच विमा घेतील.’ हेही शक्य आहे. म्हणून नकारबंदीसोबत सामूहिक प्रवेश किंवा ठरावीक नोंदणीकाळ हवा. वर्षभर केव्हाही दार उघडे ठेवले तर व्यवस्था टिकणार नाही.

‘ओपीडीत खोटी बिले येतील.’ लहान लहान बिले तपासणे खर्चिक असते, हे मान्य. यावर उपाय म्हणजे प्रत्येक बिलाची भरपाई न देता नोंदणीकृत रुग्णामागे दवाखान्याला ठरावीक वार्षिक रक्कम देणे.

‘हे काम सरकारी आरोग्यसेवेचे आहे, विम्याचे नाही.’ यात तथ्य आहे. २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के रक्कम लोकांच्या थेट खिशातून जात होती. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. ही घट महत्त्वाची आहे, पण दर १०० रुपयांतील ३९ रुपये अजूनही आजारपणाच्या क्षणी रुग्णालाच मोजावे लागतात. सक्षम प्राथमिक आरोग्य केंद्र आणि न्याय्य विमा हे एकमेकांचे पर्याय नाहीत. गोळ्या केंद्रातून आणि शस्त्रक्रिया विम्यातून, अशी विभागणी दोघांनाही परवडणारी आहे.

१०. आजच्या नियमांत रुग्णाने घ्यायची काळजी

- प्रस्ताव अर्ज स्वतः वाचून भरावा. निदान झालेला प्रत्येक आजार आणि चालू औषध लिहावे. अर्जाची प्रत जपून ठेवावी.
- पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांच्या आत पसंत नसल्यास परत करता येते. या काळात वगळलेल्या आजारांचे पान आधी वाचावे.
- नूतनीकरण चुकवू नये. खंड पडला तर पूर्ण केलेला प्रतीक्षा काळ आणि ६० महिन्यांची मोजणी दोन्ही धोक्यात येतात.
- नोकरी सुटण्यापूर्वी गटविम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची चौकशी करावी.
- दावा नाकारल्यास लेखी कारण मागावे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा उत्तर न पटल्यास विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क किंवा वकील लागत नाही. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत.

सारांश

दीर्घकालीन आजाराचा खर्च निश्चित, नियमित आणि मुख्यतः रुग्णालयाबाहेरचा असतो. आपला आरोग्य विमा मात्र अनिश्चित आणि रुग्णालयातील खर्चासाठी घडवलेला आहे. प्रतिकूल निवडीच्या भीतीने खासगी बाजार आजारी माणसाला दूर ठेवतो. २०११ ते २०२५ या काळातील सुधारणांनी प्रतीक्षा कमी केली आणि वादांवर मर्यादा घातली, पण प्रवेशाची हमी आणि औषधांचा समावेश हे दोन प्रश्न शिल्लक आहेत. ते सुटण्यासाठी नकारबंदी, सर्वांचा सहभाग आणि समाईक जोखीम निधी एकत्र आणावे लागतील. इंदूरच्या दुकानदाराला आज गोळ्यांसाठी मदत मिळाली, तर दहा वर्षांनंतर डायलिसिसचा खर्च त्याच्या कुटुंबावर, कंपनीवर किंवा सरकारवर येण्याची शक्यता कमी होईल.

स्वाध्याय

१) प्रतिकूल निवड म्हणजे काय ते स्वतःचे आकडे घेऊन उदाहरणासह स्पष्ट करा.
२) कर्मचारी राज्य विमा योजनेत प्रवेशाच्या वेळी आजार का विचारावा लागत नाही?
३) सतवंत कौर संधू आणि मनमोहन नंदा या निर्णयांतील फरक सांगा. त्यातून ग्राहक आणि कंपनी यांच्या कोणत्या जबाबदाऱ्या ठरतात?
४) आपल्या ओळखीच्या, दीर्घकालीन आजार असलेल्या एका व्यक्तीचा एका महिन्याचा औषधोपचाराचा खर्च, तिच्या संमतीने, नोंदवा. त्यातील कोणता भाग तिच्या पॉलिसीत किंवा सरकारी योजनेत बसतो?
५) ‘फक्त आजारी माणसांसाठी वेगळी विमा योजना काढावी.’ या सूचनेच्या बाजूने आणि विरोधात प्रत्येकी दोन मुद्दे लिहा.